पुनर्मुद्रित लेखांचे करायचे काय?

माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याचे चार-पाच मित्र मिळून आपल्या शहराच्या जुन्या भागातून एक आठ पानी साप्ताहिक चालवितात. कायद्यापुरते संपादक म्हणून एकाचे नाव छापलेले असते, परंतु रूढ अर्थाने त्या पत्राला संपादक नाही. कोणाही नागरिकाने मजकूर आणून द्यावा. तो सभ्य भाषेत असावा आणि खाली देणाऱ्याचे नाव असावे, एवढ्या दोन अटींवर तो छापला जातो. मोठ्या दैनिकांत ज्यांना कधी रकाना मिळत नाही अशा माणसांना बोलता यावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे आणि मुले पदरमोड करून हा उद्योग करीत आहेत, हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्याचा वर्गणीदारही आहे.

गेल्या महिन्यात हा विद्यार्थी घरी आला तो एक अडचण घेऊन. “सर, दार उघडे ठेवले म्हणजे शेजारपाजारची माणसे आपापले गाऱ्हाणे घेऊन आत येतील, अशी आमची कल्पना होती. माणसे येतात, पण बहुतेक जण दुसऱ्याच्या घरचे सामान घेऊन येतात. निम्म्याहून अधिक मजकूर आधीच कोठेतरी छापलेला असतो. कधी नाव असते, कधी नसते. नाकारावा तर खुलेपणा कोठे राहिला? छापावा तर आमचे पत्र म्हणजे इतरांच्या पत्रांची रद्दी होते.”

प्रश्न लहान वाटतो, पण तो लहान नाही, असे विचार करता करता माझ्या ध्यानात आले. इस्रायलमधील ठिबक सिंचनावरचा एक लेख त्यांच्याकडे एका वर्षात पाच वेळा आला, पाच वेगवेगळ्या व्यक्तींकडून. मात्र आपल्या गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे एकाही माणसाने लिहून दिले नाही. ज्या शहरातील अनेक वसाहतींना गेली कित्येक वर्षे कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी मिळत आले आणि ज्या शहरासाठी २०१९ साली मंजूर झालेली १६८० कोटी रुपयांची पाणीपुरवठा योजना पुढे २७०० कोटींच्या वर गेली, त्या शहराच्या खुल्या पत्रात हे घडावे, याचा अर्थ लावणे भाग आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्याचा मजकूर पुन्हा छापणे ही काही आजची विकृती नव्हे. वृत्तपत्रांचा जन्मच पुष्कळसा अशा उचलीतून झालेला आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी अशी त्याची रचना होती. इकडचे तिकडे नेणे हेच ज्याचे कार्य, अशा पत्राकडून सगळा मजकूर स्वतःच निर्माण करण्याची अपेक्षा कोणी केली नसती. तिकडे अमेरिकेत तर १७९२च्या टपाल कायद्याने वृत्तपत्रांच्या मुद्रकांना एकमेकांकडे अंक विनाटपालखर्च पाठविण्याची सवलत दिली होती. गावोगावचे संपादक हे आलेले अंक पुढ्यात घेऊन बसत आणि कात्रीने आपला अंक भरीत. त्या काळी टपालाचे दर जड होते, तारायंत्र यावयाचे होते, आणि बातमी एका गावातून दुसऱ्या गावात न्यावयाची तर याहून स्वस्त मार्ग नव्हता. सरकारने या व्यवहाराला एका परीने अनुदानच दिले, असे अर्थशास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

आपल्याकडे याच व्यवहाराला ‘साभार’ हा सुंदर शब्द रूढ झाला. कोणाकडून घेतले ते सांगावयाचे आणि त्याचे ऋण मानावयाचे, एवढे त्या तीन अक्षरांत आले. अलीकडे शब्द कंसात उरला आहे. कोणाचे आभार, हे मात्र पुष्कळदा लिहिलेलेच नसते.

कायदा काय म्हणतो, हे पाहिले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. १८८६च्या बर्न करारातच असे कलम होते की, लेखकाने किंवा प्रकाशकाने स्पष्ट मनाई केलेली नसेल तर वृत्तपत्रांतील लेख दुसऱ्या सदस्य देशांत पुन्हा छापता यावेत. आणि राजकीय चर्चेचे लेख व दिवसाच्या बातम्या यांना तर मनाईदेखील लागू होऊ नये. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा याच वाटेने जातो. त्याच्या ५२व्या कलमात, चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरील लेख दुसऱ्या वृत्तपत्राने वा नियतकालिकाने पुन्हा छापला तर हक्कभंग होत नाही, असे म्हटले आहे. अपवाद एवढाच की लेखकाने तो हक्क स्वतःकडे स्पष्टपणे राखून ठेवलेला नसावा. म्हणजे कथा-कविता उचलता येत नाही, पण कापसाच्या भावावरचा माझा लेख उचलता येतो. विधिमंडळाचा विचार उघड आहे: ज्या विषयांवर जनतेने मत बनवायचे, त्या विषयांवरची चर्चा एका पत्राच्या वर्गणीदारांत कोंडून राहू नये. हा विचार मला मान्य आहे. आणखी एक गोष्ट बहुतेक बाहेरच्या लेखकांना ठाऊक नसते. वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या पत्रकाराच्या लेखावर, नियतकालिकांत छापण्यापुरता, मालकाचा पहिला हक्क असतो. पण माझ्यासारखा बाहेरून लिहिणारा आपला हक्क, वेगळा करार नसेल तर, स्वतःकडेच ठेवून असतो. परवानगी मागावयाची ती लेखकाकडे.

परंतु त्याच कायद्यात ५७वे कलमही आहे. लेखकाने सगळे आर्थिक हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाध आणला तर दाद मागण्याचा, हक्क त्याच्यापाशी उरतोच. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली या कलमाचा आशय विस्ताराने मांडला. छापण्याची मुभा आहे याचा अर्थ छाटण्याची मुभा आहे असा होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, अनुभवाने शिकलो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी एका दैनिकात लेख लिहिला. पहिल्या दोन तृतीयांशात या गाडीची गरज, रेल्वेने दाखविलेली तत्परता आणि मिरजेच्या लोकांचे औदार्य यांचे वर्णन होते. उरलेल्या तृतीयांशात मी विचारले होते की, ज्या जिल्ह्याला रेल्वेने पाणी आणावे लागते त्या जिल्ह्यात उसाचे क्षेत्र कोणत्या हिशेबाने वाढू दिले गेले? लेख लिहिला होता तो या प्रश्नासाठी. आधीचे सगळे त्याची प्रस्तावना होती.

तीन वर्षांनी, २०१९च्या उन्हाळ्यात, शेजारच्या एका जिल्ह्यातील छोट्या पत्राने तो लेख उचलला. माझे नाव ठेवले, तारीख काढली, मूळ दैनिकाचा उल्लेख गाळला आणि जागा पुरेना म्हणून शेवटचा तृतीयांश कापला. ‘गेल्या पंधरवड्यात पाण्याची गाडी लातूरला आली’ हे वाक्य मात्र तसेच राहिले. दोन दिवसांनी मला एका निवृत्त शिक्षकांचा दूरध्वनी आला. गाडी पुन्हा सुरू झाली काय, आणि आमच्या तालुक्याला तिचे पाणी कधी मिळणार, असे ते अत्यंत आर्जवाने विचारीत होते. त्यांच्या घरी चार दिवस पाणी नव्हते. गाडी तीन वर्षांपूर्वीची आहे, असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मग आपण आत्ता का लिहिलेत?” दुसरा दूरध्वनी आला तो एका जुन्या सहकाऱ्याचा. ऊसवाल्यांच्या विरुद्ध बोलणारे तुम्ही, आता नुसती गाडीची आरती करू लागलात काय, असा त्यांचा सूर होता.

मी त्या पत्राच्या संपादकांना फोन केला तेव्हा ते गोंधळले नाहीत की रागावलेही नाहीत. “सर, आम्ही तुमचा लेख आमच्या भागात नेला, तुम्हाला बरे वाटायला पाहिजे. आमच्याकडे बातमीदार एक आणि पाने आठ. बातमीदार म्हणजे मीच.” विषय चालू नव्हता, असे मी म्हटले. “पाण्याचा विषय आमच्याकडे कधी चालू नसतो, ते सांगा,” असे त्यांनी उत्तर दिले. कायद्याच्या दृष्टीने पाहता लेख उचलण्यात त्यांची काहीच चूक नव्हती, कारण मी हक्क राखून ठेवलेला नव्हता. तारीख गाळली आणि शेवट कापला, ही चूक. ती त्यांनी मान्य केली. पुढच्या अंकात चार ओळींचा खुलासा आला, सहाव्या पानाच्या तळाशी. मूळ मजकूर पहिल्या पानावर होता. तो खुलासा त्या निवृत्त शिक्षकांनी वाचला असेल, असे मला वाटत नाही.

या प्रसंगानंतर पुनर्मुद्रणाचे अर्थशास्त्र मला वेगळ्या रीतीने दिसू लागले. एखादा लेख किंवा बातमी प्रथम तयार करावयाची तर प्रवास, वेळ, कागदपत्रे मिळविण्याची यातायात, प्रसंगी धोका असा खर्च येतो, आणि तो सगळा आरंभीच करावा लागतो. एकदा ती तयार झाली की दुसरी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य. ज्या मालाची पहिली प्रत लाख रुपयांची आणि दुसरी फुकट, त्या मालाच्या बाजारात पहिली प्रत तयार करणारा टिकणार कसा, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९१८ सालीच आला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका वृत्तसंस्थेने दुसरीच्या बातम्या पूर्वेकडील शहरांतल्या फलकांवरून आणि सकाळच्या अंकांतून उचलून तारेने पश्चिमेकडे पाठविल्या. घड्याळातील फरकामुळे मूळ संस्थेच्या ग्राहकांबरोबर, कधी त्यांच्याही आधी, तिच्या ग्राहकांना त्या मिळत. न्यायालयाच्या बहुमताने असे ठरविले की बातमीवर जगाविरुद्ध मालकी नसली तरी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक प्रकारची मालकी आहे. पेरले एकाने आणि कापले दुसऱ्याने, हे चालू देता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचे मत निराळे पडले: एकदा प्रकट झालेले ज्ञान हवेसारखे सर्वांचे असते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला दोन्ही मते पटतात, हीच त्याची पंचाईत.

ग्रेशॅमचा नियम तर अकरावीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो: हिणकस नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हाकलून देते. या नियमातील एक अट मात्र आपण वर्गात घाईने ओलांडतो. दोन्ही नाण्यांचे दर्शनी मूल्य कायद्याने सारखे ठरविलेले असेल, तेव्हाच हा नियम लागू पडतो. लोकांना हिणकस नाणे त्याच्या खऱ्या किमतीने घेण्याची मोकळीक असेल, तर चांगले नाणे कोठेही जात नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रात नेमके काय होते ते पाहा. एखाद्या गृहिणीने आपल्या वॉर्डातील दवाखान्यात तीन सकाळी बसून लिहिलेले टिपण आणि कोठून तरी जसाच्या तसा उचललेला लेख, दोन्ही एकाच टाइपात, एकाच पानावर, सारख्या मथळ्याने छापले जातात. दर्शनी मूल्य सारखे. तीन सकाळी खर्च करण्याऐवजी दोन मिनिटांत तेवढाच मान मिळत असेल, तर पुढच्या वेळी ती गृहिणी तरी दवाखान्यात का बसेल? रोग पुनर्मुद्रणात नाही, दर्शनी मूल्य सारखे ठेवण्यात आहे.

रकान्याची जागा जर फुकट आहे, तर वाईट मजकुराने कोणाचे काय बिघडते, असेही विचारले जाते. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली याचे उत्तर देऊन ठेवले आहे: माहिती मुबलक झाली की तिच्या सेवनात जे खर्च होते त्याची टंचाई होते, आणि खर्च होते ते वाचणाऱ्याचे लक्ष. कचेरीतून सात वाजता घरी परतलेल्या कारकुनापाशी वाचण्यासाठी वीस मिनिटे असतात. पाचव्यांदा छापलेला इस्रायलचा लेख ती वीस मिनिटे घेऊन जातो.

पुनर्मुद्रण नेहमी निरागस असते, असेही समजण्याचे कारण नाही. १९२२ साली सुरू झालेल्या ‘रीडर्स डायजेस्ट’ची कीर्ती इतर मासिकांतील निवडक लेख संक्षेपाने देणारे मासिक अशीच होती. पुढे असे उघडकीस आले की डायजेस्ट स्वतःच लेख लिहवून घेई, ते दुसऱ्या मासिकांना देई, तेथे छापून आले की ‘निवडून’ आपल्या अंकात घेई. १९४४ साली ‘न्यूयॉर्कर’ने आपले लेख डायजेस्टला देणे थांबविले ते याच कारणास्तव. आपल्याकडील निवडणुकीच्या हंगामात असले उद्योग कसे चालतात, हे वाचकांना सांगावयास नको. एकच लेख दहा ठिकाणी दिसला की तो दहा जणांचे मत आहे असा भास होतो. वास्तविक ते एकाचेच मत दहा ठिकाणी असते. मूळ कोठले, हा प्रश्न म्हणूनच शिष्टाचाराचा नाही, पुराव्याचा आहे.

असे असले तरी पुनर्मुद्रण सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, त्याचे रकानेच्या रकाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एकहाती लिहावे लागले. ते अंक किती घरांत टिकले असतील? ज्या वस्त्यांत ते वाचले गेले तेथे वर्तमानपत्रे जपून ठेवण्याजोगी कपाटे नव्हती. महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ही दोन्ही पत्रे पुन्हा छापली, म्हणून आज आपल्या विद्यापीठातील विद्यार्थी ती वाचू शकतो. मी स्वतः ‘बहिष्कृत भारत’मधील खोतीविषयीचे लेखन याच पुनर्मुद्रणात वाचले. लोकहितवादींची शतपत्रे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८पासून आली. आज ‘प्रभाकर’चा अंक कोणी पाहिला आहे? पत्रे मात्र पुस्तकरूपाने घरोघरी आहेत. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनाची स्वामित्वहक्काची साठ वर्षे २०१६च्या अखेरीस संपली. ते आता कोणालाही छापता येते. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्राने दर आठवड्याला त्यातील एक पान तारखेसह छापले, तर मी ते पहिल्या पानावर पाहण्यासही तयार आहे.

जुलमी राजवटीत तर पुन्हा छापणे हेच धैर्य होऊन बसते. निजामी अमलात आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ बंदीहुकमानंतर वेगवेगळ्या नावांनी निघत राहिले. संसदेत बोललेले शब्द जसेच्या तसे छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ साली झाला, १९७६ साली आणीबाणीत तो रद्द करण्यात आला आणि १९७७ साली पुन्हा आणला गेला. छापलेल्याचे पुन्हा छापणे राज्यकर्त्यांना किती बोचते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला कोणता द्यावा? जाता जाता एक विसंगती नोंदवितो. आपल्या खासगी एफएम केंद्रांना २०११च्या धोरणाने बातम्या देण्याची मुभा मिळाली ती एवढीच, की आकाशवाणीची बातमीपत्रे कानामात्रेचा बदल न करता ऐकवावीत. स्वतःची बातमी सांगावयाची नाही. म्हणजे नभोवाणीत पुनःप्रक्षेपणच तेवढे वैध आणि मूळ बातमी निषिद्ध!

संसदेपुरते जे संरक्षण आहे ते बाकीच्या मजकुराला नाही, हे मात्र त्या मुलांना मी बजावून सांगितले. ‘आम्ही फक्त छापले’ हा बचाव चालत नाही. १८८२ साली कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी जो मजकूर छापला त्याचा आधार असलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी ती पत्रे लिहिली नव्हती. दुसऱ्यांनी आणून दिलेल्या कागदांवर त्यांनी विश्वास टाकला होता. तरी दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दोघांपाशी निदान मागे उभे राहणारे शहर होते. आमच्या मुलांपाशी एक भाड्याची खोली आणि एक संगणक आहे. अब्रुनुकसानीच्या दाव्यात प्रत्येक नवे प्रकाशन हे नवे प्रकाशन असते, मग मूळ मजकूर दिल्लीच्या नामांकित पत्रात आलेला असो.

१९९९च्या नोव्हेंबरात सिएटल येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध निदर्शने झाली, त्या वेळी कोणीही बातमी द्यावी असे खुले वृत्तकेंद्र तेथील कार्यकर्त्यांनी उभारले आणि पुढे त्याची अनुकृती अनेक देशांत झाली. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. अनेक ठिकाणी तोडगा असा निघाला की नको असलेला मजकूर नष्ट करावयाचा नाही. मुख्य यादीतून तो बाजूला ठेवावयाचा, ज्याला पाहावयाचा त्याला पाहता यावा. आपल्याकडे पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने दुसरे टोक सांभाळले आहे. तेथील वृत्तांत मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य वाचता येतात. ते पुन्हा छापावयाचे असतील तर आम्हांला लिहा, असे स्पष्ट सांगितलेले असते. देणाऱ्याने अट सांगितली की घेणाऱ्याचे काम सोपे होते. तुळजापूरच्या किंवा बीडच्या ऊसतोड कामगारांवरचा वृत्तांत त्यांच्याकडून रीतसर मागून घ्यावा; तो आपल्या वाचकांपर्यंत एरवी पोहोचणार नाही.

विद्यार्थ्याबरोबर त्याची एक सहकारी मुलगीही आली होती. तिला माझे हे सगळे बोलणे फारसे रुचले नसावे. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे मजकूर घेऊन येणाऱ्या बायका लिहू शकत नाहीत असे नाही, पण आपले लिहिणे छापण्याजोगे असते यावर त्यांचा विश्वास नसतो. दुसऱ्याचा लेख त्या आणतात तेव्हा त्यांना म्हणायचे असते की, हे माझेही म्हणणे आहे. तो लेख आम्ही मागच्या पानावर टाकला, तर त्या परत येणार नाहीत.” या मुद्द्यावर मी निरुत्तर झालो. जन्मभर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत उतारेच्या उतारे उचललेले पाहून मी लाल शाई वापरीत आलो. त्या उताऱ्यामागे ‘हेच मला म्हणायचे होते’ अशी काही भावना असेल, असे मला कधी वाटले नव्हते. सगळ्यांत ती नसेल, काहींत असावी.

बोलता बोलता जे ठरले ते असे. आणलेला लेख घ्यावयाचा, पण आणणाऱ्याने त्याच्या डोक्यावर स्वतःच्या शब्दांत निदान दहा ओळी लिहावयाच्या: हा मला का महत्त्वाचा वाटला, आणि माझ्या गल्लीत, माझ्या शाळेत, माझ्या कचेरीत याचा काय संबंध. लिहिता येत नसेल तर सांगावे, मुले लिहून घेतील. त्या दहा ओळी मोठ्या टाइपात. मूळ लेख त्याखाली लहान टाइपात, लेखकाचे नाव, पत्राचे नाव आणि तारीख यांच्यासह. तारीख सापडत नसेल तर लेख छापावयाचा नाही, मग तो कितीही सुंदर असो. कापावयाचा तर लेखकाला विचारून, आणि कापला आहे असे सांगून. मूळ पत्राने नंतर दुरुस्ती केली असेल तर ती त्याच पानावर द्यावयाची. आठांपैकी दोन पानांपेक्षा अधिक पाने उद्धृत मजकुराला नाहीत. प्रत्येक अंकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७च्या कायद्यापासून आपल्या अंगवळणी पडली आहे, तसेच हे.

दोन पानांची मर्यादा मुलांना जाचक वाटली. तीन असावीत, असा त्यांचा आग्रह होता. मी दोनवर अडून राहिलो. भाषांतराचे काय करावयाचे, यावर मात्र एकमत झाले नाही. भाषांतर करणाऱ्याचे श्रम मूळ लेखनाइतकेच असतात, म्हणून ते पहिल्या सहा पानांत जावे, असे त्या मुलीचे मत. परवानगी लेखकाची लागते म्हणून ते उद्धृतच, असे माझे.

परवा त्यांचा ताजा अंक आला. मागच्या दोन पानांवर इस्रायलचा तोच लेख आहे, सहाव्यांदा. पण त्याच्या डोक्यावर सिडको भागातील एका बाईंच्या अकरा ओळी आहेत. त्यांच्या घरी नळाला पाणी ज्या तारखांना आले त्या तारखा त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या होत्या, त्या एकाखाली एक छापल्या आहेत. अंक मी वर्गात नेला आणि ती यादी फळ्यावर लिहून दोन तारखांमधील सरासरी अंतर काढण्यास मुलांना सांगितले.